बोनेटवरची काच

आमचं घराणं कापडाचं. वर्ध्याच्या बाजारातल्या दुकानाचा अर्धा काउंटर मी कॉम्प्युटरसाठी मागून घेतला, तेव्हा वडील तीन दिवस काही बोलले नाहीत. मी एका खोक्यातून मदरबोर्ड काढतो, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून हार्डडिस्क, सगळं पत्र्याच्या डब्यात स्क्रूनं बसवतो आणि वायरी जोडतो, हे त्यांनी गादीवर बसून नीट पाहिलं. चौथ्या दिवशी निकाल दिला.

"म्हणजे तू बनवत काईच नाई. चार घरचे तुकडे आणतं आन् जोडतं. याले आमच्यात गोधडी म्हणतात."

मी अपमान गिळला आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव इथल्या घराघरांत गोधड्या पोचवल्या. खरं सांगायचं तर वडिलांनी केली त्याहून चांगली माझ्या धंद्याची व्याख्या कुणाला करता आली नाही. कंपनीचा तयार कॉम्प्युटर म्हणजे शिवलेला सदरा, सगळ्यांना सारखा. आमचा कॉम्प्युटर म्हणजे माणूस बघून, थंडी बघून, घरातल्या जुन्या साड्या बघून जोडलेला.

गिऱ्हाइकं एकेक अशी, की तिकीट लावलं असतं तर जास्त कमाई झाली असती. एक कापसाचे अडते होते. ते कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून बघत आणि तोंड वाकडं करून म्हणत, "यात वजन नाई." आम्ही पाठीमागे हसायचो. पुढं कळलं की अडतेच बरोबर होते. कॅबिनेटमध्ये विजेचा पुरवठा करणारी जी पेटी असते, एसएमपीएस, ती हलकी असली तर आतून पोकळ असते आणि आमच्याकडच्या व्होल्टेजमध्ये दिवाळीच्या फटाक्यासारखी जाते. दुसरे एक गुरुजी दसऱ्याला मशीनची पूजा करून सीडी-ड्राइव्हच्या उघड्या ट्रेमध्ये पंचामृत ठेवून मोकळे झाले. ट्रे आत गेला. प्रसाद कुणालाच मिळाला नाही.

पण या धंद्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन. ज्याच्याकडे भरपूर पैसे आहेत ते सोपं, भारीतलं भारी द्या. ज्याच्याकडे नाहीतच ते त्याहून सोपं, चहा पाजा. अवघड ते मधलं. "गेम खेळाचा आहे, बजेट तीस हजार." टायपिंगला, हिशेबाला कसलंही मशीन चालतं. गेम मात्र मशीनचं सगळं रक्त मागतो. तीस हजारात सगळंच चांगलं येत नाही. एक भाग चढवला की दुसरा उतरवावा लागतो. काय उतरवायचं, हे ठरवण्यात दुकानदाराची विद्या असते. आणि नियतही.

माझी नियत एकदाच पुरती उघडी पडली. ती गोष्ट सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत सगळा माल नागपूरहून यायचा. म्हणजे मी आणायचो, एस.टी.नं. मदरबोर्ड मांडीवर, रॅम खिशात, हार्डडिस्क गमछ्यात गुंडाळून छातीशी. प्रश्न असायचा मॉनिटरचा. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेचे मोठे डबडे, पोट पुढं आणि पाठीला मागं कुबड. असाच एकदा मी मॉनिटरचं खोकं टपावर चढवायला हमाल शोधत होतो, तर ड्रायव्हरच्या खिडकीतून आवाज आला.

"काय आहे खोक्यात?"

"मॉनिटर आहे. काच आहे."

"काच आहे तं टपावर काऊन चढवून राह्यले? आना इकडं."

हे गुलाबराव. आर्वी डेपोचे ड्रायव्हर. त्यांची गाडी नागपूरहून वर्ध्याला येऊन पुढं आर्वीला जायची. किडकिडीत माणूस, मिशी मात्र अंगापेक्षा दोन मापं मोठी. त्यांनी आपलं घोंगडं चौपदरी घडी करून ड्रायव्हरशेजारच्या, इंजिनाच्या गरम बोनेटवर अंथरलं, त्यावर खोकं ठेवलं आणि दोरीनं दांड्याला बांधलं. कंडक्टर म्हणाला, "गुलाबराव, नवरी बसवली का बाजूले?"

"हाव. नवरीपेक्षा नाजूक आहे. नवरी बोलून तरी दाखवते."

आणि मग तो माणूस गाडी अशी चालवायला लागला, की जणू गाडीत कुणाचं तरी बाळ झोपलं आहे. बुटीबोरी, सेलू, पवनारचा पूल, वाटेतला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी माहीत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "डायवरसाहेब, बैलगाडी ओव्हरटेक करून गेली!"

"जाऊ दे. तिच्यात काच नाई."

पाच-सहा वर्षं माझे मॉनिटर त्या बोनेटवरून आले. मी गाडीची वेळ पाहून जायचो, आणि गुलाबराव घोंगडं पसरायचे. एकही काच तडकली नाही. वर्ध्यातल्या कितीतरी घरांत मुलांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरचा पडदा पाहिला, तो गुलाबरावांनी ब्रेकवर पाय जपून ठेवला म्हणून. हे त्या मुलांना ठाऊक नाही. मला होतं.

मग माल वर्ध्यातच मिळायला लागला, माझं जाणं कमी झालं आणि आमची भेट तुटली. पुढं कळलं की गुलाबरावांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पण डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला एस.टी. स्टिअरिंग देत नाही, आणि ते बरोबरच आहे. डेपोच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं हलकं काम दिलं. गुलाबरावांनी ते दोन महिने केलं आणि सोडून दिलं. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहिणं त्यांना हलकं गेलं नसावं.

एका बुधवारी ते सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळा दाखवून परत जाताना माझ्या दुकानात आले. मिशी तीच होती, माणूस तिच्यामागे लपल्यासारखा झाला होता. गिऱ्हाइकांना भुलवायला मी एक मशीन कायम चालू ठेवायचो, त्याला प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणि पायाला दोन पेडल. पडद्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम. मी सहज म्हणालो, "बसा काका, हात साफ करा."

ते बसले. आधी त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ रुमालानं पुसली. मग आरसा नीट करायला हात वर नेला, आरसा नव्हता, हात तसाच मिशीवरून फिरवला. गाडी सुरू झाली. बाकीच्या सात गाड्या वाऱ्यासारख्या गेल्या. हे पंचेचाळीसच्या वेगानं निघाले, वळणावर हॉर्न शोधत.

"ते दूर डोंगरावर काय फिरून राह्यलं, भाऊ?"

"पवनचक्की आहे."

"इतक्या दुरून दिसते?" ते स्वतःशीच म्हणाले. "एका डोळ्यानं दिसते बा."

तासाभरानं उठले, "येतो" म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहरा भांडायला आल्यासारखा.

"तुमीच का ते कंप्युटरवाले? ज्यांची काच आमचे हे आनत होते?"

या वच्छलाकाकू, गुलाबरावांच्या मंडळी.

"हाव काकू. बसा."

"बसाले नाई आली. मांगच्या बुधवारी बुढा तुमच्या दुकानात काय करत होता?"

मी घाबरलो. "गेम खेळत होते. तासभर."

"घरी आला, दोन भाकरी खाल्ल्या. आन् मले म्हणते, आज भाजीत मीठ कमी आहे." काकूंचा आवाज एकदम चिरकला. "डोया गेल्यापासून सात महिन्यांत पह्यल्यांदा नाव ठेवलं त्यानं माह्या भाजीले. मले ते मशीन पायजे."

पिशवीत तीस हजार होते. एक रुपया वर नाही.

मी माझं आवडतं नाटक सुरू केलं. खोकी काउंटरवर मांडली आणि काकूंना एस.टी.च्या भाषेत समजावलं. हा प्रोसेसर, हे इंजिन. ही रॅम, म्हणजे सीटा, जितक्या जास्त तितकी माणसं एका वेळी बसतात. हार्डडिस्क म्हणजे टप, सगळं सामान वर. एसएमपीएस म्हणजे डिझेलचा पंप, हा बेभरवशाचा असला तर गाडी घाटात उभी. काकू मान डोलवत होत्या. शेवटचं खोकं राहिलं.

"आन् हे?"

"हे ग्राफिक कार्ड. ही समोरची काच, काकू. ड्रायव्हरला रस्ता दिसतो तो हिच्यातून."

"मंग ते चांगलं टाका."

"टाकतो," मी म्हणालो. आणि टाकलं नाही.

झालं असं, की माझ्या शोकेसमध्ये एक जुनं कार्ड दोन वर्षं पडून होतं. गिऱ्हाइकं नवं मागायची, याचं खोकं उन्हानं पिवळं पडत चाललं होतं. मी विचार केला, म्हातारा माणूस, पंचेचाळीसच्या वेगानं जाणारा. त्याला काय फरक पडतो? इंजिन दणकट बसवलं, कारण बिलावर इंजिनाचं नाव सगळ्यांत वर येतं आणि ते कुणालाही दाखवता येतं. काच जुनी बसवली. खरं शास्त्र याच्या अगदी उलट आहे, आणि ते मला पाठ होतं. मधल्या बजेटच्या गेमच्या मशीनला इंजिन एक पायरी खालचं चालतं, काच खालची चालत नाही. प्रोसेसर थोडा उतरवून त्याच तीस हजारांत चांगलं कार्ड बसलं असतं. बसवलं नाही.

चाचणी घेताना गेम अडखळायला लागला. मग मी गेमच्या आत जाऊन 'दूरचं दृश्य' नावाची एक पट्टी असते ती पार खाली ओढली. जवळचा रस्ता गुळगुळीत पळायला लागला. लांबचं सगळं धुक्यात गेलं. मी म्हटलं, ड्रायव्हरला रस्ता दिसला म्हणजे झालं. डोंगर कोण पाहतो?

आर्वीला मशीन बसवायला मी स्वतः गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं आंगण. स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळलं, पेडल खाली ठेवले. गुलाबराव धुतलेला खाकी शर्ट घालून बसले. पडद्यावर उलटी गिनती झाली, तीन, दोन, एक, आणि सात गाड्या सुटल्या. यांची जागच्या जागी उभी.

"काका, चला!"

"कसा चालू? बेल कुठं झाली?"

बत्तीस वर्षं कंडक्टरच्या दोन बेल ऐकल्याशिवाय ज्यानं गाडी हलवली नाही, तो तीन-दोन-एकवर कसा हलणार? मी तोंडानं "टण टण" केलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी बिनतिकीट आहे. तेवढ्यात वच्छलाकाकू स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आल्या आणि दोनदा वाजवलं. टण, टण. गाडी निघाली.

त्यांचा डावा पाय सारखा जमीन दाबत होता. या पेडलमध्ये क्लच नसतो, त्यांना तो सोडवेना. काकूंनी तिथं एक उशी सरकवून दिली. मधेच एका झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली.

"काऊन थांबले?"

"पानी पिऊन घेतील लोकं."

शर्यत संपली तेव्हा पडद्यावर आठवा नंबर आला. मी हळूच सांगितलं, "आठवे आले, काका."

"पोचलो नं? लागलं का कोनाले?"

"नाई."

"मंग झालं."

मी चहा घेऊन निघालो आणि दारात, चप्पल घालता घालता, धंद्याच्या सवयीनं एक वाक्य फेकलं. "काकू, उन्हाळ्यात कुलरकडं तेवढं लक्ष ठेवजा. कुलर बंद पडला तर मशीन गेलंच समजा."

प्रोसेसरच्या डोक्यावर एक इवलासा पंखा असतो. आमच्या धंद्यात त्याला कुलर म्हणतात. हे वाक्य मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. सगळं मशीन मी एस.टी.च्या भाषेत समजावलं होतं, आणि याला रेडिएटर म्हणायचं सोडून नेमका तिथंच माझ्या भाषेत घसरलो.

मे महिन्यात काकूंचा फोन आला.

"भाऊ, मशीन बंद पडलं. आन् बुढा बी."

"बुढा बी म्हणजे?"

"बोलत नाई. स्टेरिंग कपाटावर ठेवून देलं."

दुपारी मी आर्वीला पोचलो. डांबर चपलेला चिकटत होतं. बाहेरच्या खोलीत काकू पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या, मानेवर घामोळ्यांची लाल रांगोळी. खाटेवर भिंतीकडं तोंड करून गुलाबराव. मी आतल्या, मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर शहाराच आला. काय गारवा! ओल्या वाळ्याचा वास, घुंघुं आवाज. खिडकीतला पत्र्याचा मोठा कुलर काढून स्टुलावर चढवला होता, आणि त्याचं तोंड दोन हातांवरून थेट माझ्या कॅबिनेटकडं. कॅबिनेटचा पत्रा दहिवरानं भिजलेला.

विदर्भात उन्हाळ्यात कुलर म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला कसं सांगू? घरातला कर्ता पुरुष असतो तो. त्याच्यासमोरच्या जागेवरून सख्खे भाऊ भांडतात.

"काकू, कुलर इथं काऊन?"

"अवो, तुमीच तं सांगितलं! कुलर बंद पडला तं मशीन गेलंच समजा म्हणून. एक दिवस बंद नाई ठेवला, भाऊ. दोन्ही टाइम पानी मी भरतो. लाइन गेली का पुठ्ठ्यानं वारा घालतो त्याले."

लाइन गेल्यावर मशीनही बंदच असतं. बंद मशीनला ती माउली वारा घालत होती.

"आन् तुमी दोघं?"

"आमाले काय होते? आमी का कंप्युटर हाओ?"

मी खाली बसलो आणि स्क्रू काढले. झाकण उघडलं. बोर्डावर आर्वीच्या खाऱ्या पाण्याचा मिठासारखा पांढरा थर, सोल्डरच्या टाक्यांवर हिरवी बुरशी चढल्यासारखं, स्क्रू गंजलेले. एसएमपीएसमधून पाण्याचा थेंब माझ्या तळहातावर पडला. मी प्रोसेसरवरचा पंखा काढून काकूंना दाखवला. "काकू, मी याला कुलर म्हणालो होतो."

त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. "येवढासा? यानं तं माशी बी उडत नाई." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे मीच मारलं का जी त्याले?"

"नाई काकू. मी मारलं. शब्द माझा होता."

त्या डोळ्याला पदर लावून चहा ठेवायला गेल्या. त्या आत गेल्या, मी बाहेरच्या खोलीत आलो, तसे खाटेवरचे गुलाबराव भिंतीकडं पाहतच बोलले.

"राहू द्या भाऊ. दुरुस्त नका करू."

"काऊन काका? चार दिवसांत होते."

"तिले सांगू नका." ते उठून बसले. आवाज अगदी खाली. "दुसरा बी गेला."

"काय दुसरा?"

"डोया. तुमच्या दुकानात ते पवनचक्की किती दुरून दिसे. आता पार जवळ गेल्याबिगर दिसून नाई राह्यली. आंधी रस्ता दिसते, मंग सारं धुवारी. झाड एकदम आंगावर येते." त्यांनी दाराकडं, काकू गेल्या तिकडं पाहिलं. "मशीन बंद पडलं तं बरंच झालं म्हटलं. रोज पाहाची हिंमत नाई होत."

"कधीपासून असं?"

"घरी आनलं तवापासून. पह्यल्याच दिवसापासून."

धुकं मी ठेवलं होतं. माझ्या हातानं, ती पट्टी खाली ओढून. हा माणूस पाच महिने रोज त्या धुक्यात गाडी चालवत होता आणि आपला उरलेला डोळा जाताना पाहत होता. बायकोला न सांगता.

"आन् बाहेरचं, काका? रस्त्यावरचं दिसते का?"

"बाहेर मी पाहतच नाई. स्टँडवर जाणं सोडलं. पाहून काय करू, खरं निघालं तं?"

तिथं माझा धीर अर्धा झाला. कार्डामुळं धुकं होतं हे नक्की. पण त्यामागे डोळाही जात नसेल, याची खात्री मी कोण देणार? मी कापडवाल्याचा मुलगा.

तरी जेवढं माझं होतं तेवढं मी सांगितलं. "काका, ती काच मी धुरकट बसवली. जुना माल पडून होता, तो तुमच्या गळ्यात मारला. काकू चांगलं टाका म्हणाल्या होत्या. तुमी माझी एकबी काच फुटू देली नाई, आन् मी तुमाले हे देलं."

मला वाटलं, आता मिशी थरथरेल आणि ड्रायव्हर लोकांच्या खास शिव्या बाहेर पडतील. मी त्यांची वाटच पाहत होतो. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे डोया नाई?"

"मले वाटते, नाई."

"वाटते?"

"चार दिवस द्या. पवनचक्की दिसली तर दुसऱ्या दिवशी सेवाग्रामले डोळा दाखवाचा. कबूल?"

"आन् नाई दिसली तं?"

"तरीबी जायचं. मी संग येतो."

त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडं नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "काच धुरकट वाटली तं आंधी पुसून पाहावं लागते. मी बी पुसून नाई पाह्यली. ड्रायव्हरचीच चूक आहे, भाऊ." शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्ध्याला येऊन मी मशीन नव्यानं जोडलं. प्रोसेसर, रॅम आणि ते जुनं कार्ड वाचलं होतं. बोर्ड नवा, एसएमपीएस अडत्यांच्या कसोटीला उतरेल असा वजनदार. आणि कार्ड? दुसरं कुठलंही नको होतं. दुकानातल्या दाखवायच्या मशीनचं कार्ड उपसलं, ज्यातून त्यांनी पहिल्यांदा ती पवनचक्की पाहिली होती तेच. त्यांचं जुनं कार्ड दुकानातल्या मशीनला लावलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या दुकानातल्या शर्यतीत धुकं पडायचं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगायचो, हिवाळ्याचा गेम आहे.

चौथ्या दिवशी एस.टी.त बसलो. कॅबिनेट पायाशी, कार्ड वेगळं मांडीवर. ड्रायव्हर नवा, तरतरीत, एकही खड्डा वाया जाऊ देत नव्हता. वर्ध्यापासून आर्वीपर्यंत मी ते कार्ड दोन्ही हातांनी अधांतरी धरून होतो. दंड भरून आले. बत्तीस वर्षं एक माणूस हे सगळ्या गाडीसाठी पायानं करत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

घरात शिरल्या शिरल्या पहिलं काम केलं ते कुलर परत त्याच्या खिडकीत बसवायचं. काकूंनी तरी विचारलंच, "मशीनले थोडासा वारा लागला तं नाई चालणार का?"

"नाई, काकू. तुमी बसा त्याच्यासमोर."

कपाटावरून स्टिअरिंग उतरवलं. गुलाबराव खुर्चीत बसले, पण मागं टेकले नाहीत. मी गेमच्या आत जाऊन 'दूरचं दृश्य'ची ती पट्टी पार वर सरकवली आणि त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. तीन, दोन, एक. सात गाड्या गेल्या. यांची उभी. काकू पेला घेऊन दारात आल्या, चमचा उचलला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून तसाच थांबवला. ते बेलची वाट पाहत नव्हते. ते समोर पाहत होते.

"काका, काय दिसते?"

"रस्ता."

"आन् पुढं?"

"झाडं. दोन... चार. पूल आहे. पुलापल्याड वळण." स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. "मंग डोंगर."

"डोंगरावर?"

ते स्टिअरिंगवर पुढं वाकले. खिडकीतला कुलर तेवढा घुंघुं करत होता. माझ्या मनात सेवाग्रामच्या पायऱ्या उभ्या राहिल्या, त्या मी यांचा हात धरून चढतोय.

"फिरून राह्यली," गुलाबराव म्हणाले.

"काय फिरून राह्यली?" काकूंना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"पवनचक्की व! चार पात्या आहे. खाली घर आहे, छपरावर लाल कवेलू." ते खुर्चीत उंच झाले. "घराच्या बाजूले पाटी आहे."

"काय लिहिलं आहे, काका?"

"इंग्रजी आहे, भाऊ. डोया चांगला निंगाला म्हून इंग्रजी येईन काय?"

काकू एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होत्या. कुणाचा डोळा, कसला डोळा, त्या विचारणारच होत्या. गुलाबरावांनी रुमालानं दोन्ही डोळे पुसले, दिसणारा आणि न दिसणारा, आणि त्यांच्यावरच खेकसले. "उभी काऊन? बस बाजूले. सांगतो मंग." काकू पेला धरून स्टुलावर बसल्या. डावा पाय उशीवर गेला, क्लच दबला.

"भाऊ, मांगं काच आहे का?"

माझ्याजवळ काहीच नव्हतं. रिकामी पिशवी होती. "आहे, काका," मी म्हणालो.

"मंग हळू घेतो."

सात गाड्या केव्हाच डोंगरापलीकडं गेल्या होत्या. काकूंनी पेल्यावर चमचा दोनदा वाजवला, आणि आमची गाडी हलली.